घरच्या बागेसाठी हरितगृह निवडताना: आधी हवा, मग ऊब

बहुतेक जण थंडीचा विचार करून हरितगृह घेतात, आणि ते फसतं मात्र उन्हात. बाहेर २५ अंश सेल्सिअस असलेल्या निरभ्र दिवशी दार-झरोके बंद असतील तर छोट्या हरितगृहातला पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. टोमॅटोचे परागकण ३२ ते ३५ अंशांच्या पुढे निकामी होऊ लागतात. झाड हिरवंगार दिसतं, फुलं भरपूर येतात आणि देठापाशी गळून पडतात. मग खत बदललं जातं, औषध फवारलं जातं, बियाण्याला दोष दिला जातो. खरा दोष एवढाच असतो की छपराला पुरेसे झरोके नसतात. त्यामुळे हरितगृह निवडताना वर्षातली सर्वांत थंड रात्र नव्हे, सर्वांत तापलेली दुपार डोळ्यांसमोर ठेवावी. रात्रीच्या थंडीवर नंतरही उपाय करता येतात. छपरात नंतर झरोके कापणं मात्र महागात पडतं आणि पुष्कळदा जमतही नाही.

हे तापणं नेमकं कशामुळे होतं, ते कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काचेचं झाकण होतं, दुसरीवर खनिज मिठाच्या पातळ तक्त्याचं. काच उष्णतेचे किरण अडवते, मीठ ते जाऊ देतं. तरी दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. म्हणजे आतलं तापमान वाढतं ते मुख्यतः हवा कोंडल्यामुळे. गरम हवा वर चढते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. ती वाट करून दिली की आवरण काचेचं आहे की प्लास्टिकचं, याने दुपारच्या तापमानात फारसा फरक पडत नाही.

गरज नक्की कशाची आहे?

रोपांना चार गोष्टींपासून आडोसा लागतो: थंडी, पाऊस, ऊन आणि किडे. यातलं तुमच्याकडे सर्वांत जास्त नुकसान कोण करतं, ते आधी ठरवा. चौघांची उत्तरं वेगळी आहेत आणि त्यातलं एकच उत्तर बंदिस्त हरितगृह हे आहे.

पावसाने पानं सडत असतील, फळं तडकत असतील, तर फक्त पारदर्शक छप्पर आणि चारही बाजू मोकळ्या, एवढं पुरतं. कडक ऊन ही अडचण असेल तर शेडनेट. पांढरी माशी आणि मावा यांनी छळलं असेल तर बारीक जाळीचं घर. रात्रीचं तापमान वर्षभर १०–१२ अंशांच्या खाली फारसं उतरत नसेल, तर चारी बाजूंनी बंद काचघर म्हणजे रोपं भाजण्याची पेटी ठरते. तिथे छप्पर प्लास्टिकचं, बाजूंना जाळी, आणि थंडीच्या दिवसांत खाली सोडता येईल असा गुंडाळी पडदा, ही रचना जास्त उपयोगी.

केवळ रोपं लवकर तयार करायची असतील तर घरही नको. १.२ मीटर लांब, ६० सेंमी रुंद, मागची भिंत ४५ आणि पुढची ३० सेंमी उंच अशी बिनतळाची पेटी करून तिच्यावर काचेचं किंवा पॉलिकार्बोनेटचं (हे कडक, हलकं प्लास्टिक) बिजागरीचं झाकण बसवलं, उतार सूर्याकडे ठेवला, की ट्रेमधली शंभर-दीडशे रोपं त्यात आरामात वाढतात. दिवसा झाकणाखाली एक लाकडी ठोकळा सरकवायचा, संध्याकाळी काढायचा. वर्षभर ही पेटी वापरून पाहिली की मोठ्या हरितगृहाला रोज वेळ देणं जमेल की नाही, तेही कळतं.

जागा

हिवाळ्यात किमान सहा तास थेट ऊन मिळणारी जागा हवी. सावली मोजायची ती हिवाळ्यातली, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि भिंतीची सावली लांब पडते. सूर्याच्या बाजूला, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेला, भिंत किंवा झाड असेल तर त्याच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतर सोडावं. उन्हाळा तीव्र असेल तर पश्चिमेकडची दुपारनंतरची सावली मात्र वरदान समजा.

आढ्याची, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच कण्याची, दिशा कोणती ठेवावी, यावर लोक फार वाद घालतात. ढोबळ नियम असा: ४० अंश अक्षांशाच्या पुढे, ध्रुवांकडच्या प्रदेशात, आढं पूर्व–पश्चिम ठेवलं तर हिवाळ्यातलं तिरपं ऊन जास्त मिळतं. त्याहून विषुववृत्ताकडे उत्तर–दक्षिण ठेवलं तर उंच पिकांच्या ओळींची सावली दिवसभर फिरत राहते आणि एकाच वाफ्यावर पडून राहत नाही. घरच्या लहान रचनेत पंधरा-वीस अंशांचा फरक पडला तरी बिघडत नाही. दिशेपायी पाण्याचा नळ तीस मीटर लांब जाणार असेल तर दिशा सोडा, नळ धरा. दिवसातून दोनदा जावं लागणारी जागा घरापासून लांब पडली की झरोके उघडायचे राहतात.

उताराच्या तळाशी खोलगट जागा नको. थंड हवा जड असते, ती रात्री तिथे येऊन साचते. वाऱ्याच्या तोंडावरही नको. वारा अडवायचा तर भरीव भिंतीपेक्षा निम्मा वारा आरपार जाऊ देणारं कुंपण किंवा झुडपांची रांग बरी, कारण भरीव भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरा करून थेट छपरावर आदळतो.

गच्चीवर बांधायचं असेल तर आधी वजनाचा हिशोब. एक घनमीटर ओली माती साधारण १.६ टन भरते. म्हणजे ३० सेंमी खोलीच्या वाफ्याचा भार दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातो, जो घराच्या साध्या गच्चीला झेपेलच असं नाही. बांधकाम अभियंत्याला दाखवल्याशिवाय हे करू नये. मातीऐवजी लागवडीचं हलकं माध्यम, १५–२० लिटरच्या पिशव्या आणि त्या भिंतींच्या किंवा तुळयांच्या वर, अशी मांडणी बरी. सांगाडा बसवण्यासाठी गच्चीत भोकं पाडली की गळती ठरलेली. तिथे खांब मोठ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत बसवतात.

माप: रुंदी आधी, लांबी नंतर

जाहिरातीत लांबी-रुंदी देतात ती बहुधा बाहेरून मोजलेली असते. आतून प्रत्येक बाजूला काही सेंटिमीटर कमी धरा. वाफ्यात हात एका बाजूने आरामात ६० ते ७५ सेंमी पोचतो. ९० सेंमी म्हणजे वाकून, तोल सांभाळत. वाटेला किमान ४५ सेंमी, बादली घेऊन वावरायला ६० आणि हातगाडी न्यायची तर ८० सेंमी हवी.

या मापांवरून रुंदी ठरते. १.८ मीटर रुंदीत ६० ची वाट आणि दोन्हीकडे ६०–६० सेंमीचे वाफे बसतात, म्हणजे दोन-तृतीयांश जमीन लागवडीखाली येते. २.४ मीटरमध्ये तीच ६० ची वाट आणि दोन्हीकडे ९० चे वाफे, म्हणजे तीन-चतुर्थांश जमीन. ३ मीटर रुंदीत मधल्या वाफ्यापर्यंत हात पोचत नाही, म्हणून दोन वाटा कराव्या लागतात: ६०, ४५, ९०, ४५, ६०. लागवड सत्तर टक्क्यांवर येते. म्हणून घरासाठी २.४ मीटर ही रुंदी सर्वांत सोयीची, आणि पुढे वाढवायचं झालं तर लांबी वाढवावी. गाळे जोडून लांबी वाढवता येईल असा नमुना असेल तर सुरुवातीला लहान घ्यायला हरकत नाही. मात्र १.८ × १.२ मीटरच्या खेळण्यातल्या हरितगृहाच्या वाटेला जाऊ नये. त्यात हवेचा साठा इतका कमी असतो की ऊन आलं की दहा मिनिटांत तापतं आणि ढग आला की तितक्याच लवकर निवतं. मोठ्या जागेतलं तापमान सावकाश बदलतं, रोपांनाही ते सोसतं आणि माणसालाही.

उंचीत काटकसर करू नका. वळचणीची उंची, म्हणजे उभी भिंत संपून छप्पर सुरू होतं तिथली उंची, किमान १.५ मीटर हवी, १.८ असेल तर उत्तम. आढं २.४ मीटरला. टोमॅटो आणि काकडी दोरीवर दोन मीटर चढतात आणि त्यांच्या शेंड्यांवर थोडी मोकळी हवा लागते, कारण सर्वांत गरम थर तिथेच जमतो. उष्ण हवामानात आढं ३ मीटर किंवा जास्त ठेवावं. बोगद्यासारख्या कमानी रचनेत बाजू लगेच आत वळतात, त्यामुळे कडेच्या वाफ्यांत उंच पीक बसत नाही. घ्यायचीच झाली तर पहिला ६०–९० सेंमी भाग सरळ उभा असलेली कमान घ्या.

दार ७५ सेंमीपेक्षा अरुंद नको आणि उंबरा शक्यतो नकोच. सरकतं दार वाऱ्यात आपटत नाही, हवं तेवढं उघडं ठेवता येतं. त्याची खालची खाच मात्र माती अडकून जाम होते, म्हणून वर लटकणारं आणि खाली फक्त मार्गदर्शक पट्टी असलेलं दार पाहावं.

झरोके: इथे तडजोड नाही

पुढचा सगळा हिशोब २.४ × ३.६ मीटरच्या, भिंत १.८ आणि आढं २.४ मीटर असलेल्या हरितगृहाचा आहे. जमीन ८.६४ चौरस मीटर, आतली हवा सुमारे १८ घनमीटर.

छपरातल्या झरोक्यांचं क्षेत्र जमिनीच्या १५ ते २० टक्के असावं. २० टक्के धरले तर १.७ चौरस मीटर. ६० × ६० सेंमीचा एक झरोका ०.३६ चौरस मीटरचा, म्हणजे पाच झरोके. बाजारातल्या संचांत याच मापाला एक, फार तर दोन झरोके देतात. हा आकडा विक्रेत्याला विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘दार उघडं ठेवा.’ दार उघडल्याने बाजूची हवा आत येते, पण आढ्याखाली साठलेल्या गरम हवेला त्याचा फारसा धक्का लागत नाही. वर वाट आणि खाली वाट, दोन्ही लागतात. गरम हवा वरून निघते आणि तिच्या जागी गार हवा खालून ओढली जाते. दोन्ही वाटांमधलं उभं अंतर जितकं जास्त तितका ओढा जास्त. म्हणून बाजूचे झरोके मधोमध नसावेत, जमिनीलगत असावेत. जमिनीपासून फूटभर उंचीवर पट्ट्यांचा झरोका मिळाला तर घ्यावा. प्लास्टिकच्या बोगद्यात हेच काम दोन्ही बाजूंचे गुंडाळी पडदे करतात.

छपरातले झरोके आढ्याच्या दोन्ही पाख्यांवर असावेत, म्हणजे वारा ज्या बाजूने येईल ती बंद ठेवून दुसरी उघडता येते. वाऱ्याकडे तोंड करून उघडलेला झरोका वादळात शीड होतो.

दिवसभर घरी कुणी नसेल तर आपोआप उघडणारी यंत्रणा घ्याच. तिच्या नळकांड्यात मेण असतं. ते तापून फुगतं, दांडा पुढे ढकलतं आणि झरोका उचलतं, वीज लागत नाही. उघडायला कधी सुरुवात व्हावी ते साधारण १५ ते २५ अंशांच्या दरम्यान फिरवून ठरवता येतं. खरेदीआधी तिची उचलण्याची क्षमता आणि झरोक्याचं वजन पडताळा. हलक्या पॉलिकार्बोनेटसाठी बनवलेली यंत्रणा काचेच्या झरोक्याखाली वाकते. दुसरं, तिला तापायला वेळ लागतो. ढगाआडून अचानक कडक ऊन पडलं तर पहिली दहा-पंधरा मिनिटं तिच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून उन्हाच्या दिवशी सकाळी निघतानाच दार उघडं ठेवावं.

झरोके पुरेसे करता येत नसतील तरच पंखा. उष्ण दिवसांत आतली सगळी हवा मिनिटाला एकदा बदलेल इतकी क्षमता धरतात: १८ घनमीटर × ६० म्हणजे ताशी सुमारे १,१०० घनमीटर. पंखा एका टोकाला उंचावर, बाहेर फेकणारा. समोरच्या टोकाला खाली हवा येण्यासाठी ५० × ६० सेंमीची मोकळी जागा. ही जागा ठेवली नाही तर पंखा नुसता घुमत राहतो. वीज गेली तर काय, हा प्रश्न उरतोच.

किडे अडवण्यासाठी झरोक्यांना जाळी लावणार असाल तर हिशोब पुन्हा करा. पांढरी माशी आणि मावा अडवायला ४० ते ५० मेशची, म्हणजे इंचात ४० ते ५० छिद्रांची जाळी लागते. फुलकिडे त्यातूनही घुसू शकतात. पण जाळी जितकी बारीक तितकी हवा कमी, म्हणून झरोक्याचं क्षेत्र दीडपट ते दुप्पट करावं लागतं. जाळी धुळीने बुजते, ती महिन्यातून एकदा पाण्याच्या फवाऱ्याने धुवावी. शिवाय जाळीने मधमाश्याही अडतात. टोमॅटोला दुपारच्या आत फुलोऱ्याची दांडी हलवली की भागतं. काकडीचे परागीभवनाशिवाय फळ धरणारे वाण निवडता येतात. भोपळा आणि खरबूज यांना मात्र सकाळी हाताने पराग लावावा लागतो.

शेडनेटही हवेच्या हिशोबातच धरा. ती आवरणाच्या बाहेरून, १५ ते ३० सेंमी पोकळी ठेवून ताणावी. आतून लावली तर ऊन आधीच आत आलेलं असतं आणि जाळी स्वतः तापून ती उष्णता आतच सोडते. फळभाज्यांना ३५ टक्के, पालेभाज्यांना आणि रोपांना ५० टक्के सावली पुरते. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली टोमॅटो नुसता उंच वाढतो. जाळी काढता-घालता यावी. कायम ठोकून बसवलेली जाळी ढगाळ महिन्यांत प्रकाश चोरते.

आवरण

काच ९० टक्के प्रकाश आत सोडते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. पण ३ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला ७.५ किलो. आपल्या नमुन्याला एकूण सुमारे ३३ चौरस मीटर आवरण लागतं, म्हणजे जवळजवळ २५० किलो. सांगाडा आणि पाया त्या मानाने भक्कम हवा. लहान मुलं, चेंडू किंवा गारपीट यांचा संभव असेल तर ४ मिमीची कडक केलेली काच घ्यावी. ती फुटली तर बोथट दाणे होतात, सुरे होत नाहीत. हिला नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही, त्यामुळे मापं आधी तीनदा तपासा.

दुपदरी पॉलिकार्बोनेट घरच्या बागेसाठी बहुधा सर्वांत व्यवहार्य. प्रकाश ८० टक्क्यांच्या आसपास, पण पसरून येतो, त्यामुळे खालच्या पानांनाही मिळतो आणि शेंडे भाजत नाहीत. १० मिमीची शीट चौरस मीटरला १.७ किलो, सगळं मिळून ५५–६० किलो. ४ मिमीची शीट वाऱ्यात चौकटीतून निसटते अशी तक्रार पुष्कळ ऐकू येते. ६ मिमीपासून पुढे घ्यावं, छपराला शक्यतो १०.

या शीटमध्ये बिघाड होतो तो जवळजवळ नेहमी बसवण्यातल्या चुकांमुळे. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर बहुतेक शीटना एकाच बाजूला असतो आणि ती बाजू संरक्षक कागदावर छापलेली असते. ती बाहेर यायला हवी. उलटी बसली तर दोन-तीन वर्षांत पिवळी पडून ठिसूळ होते आणि मग तक्रार करून उपयोग नसतो. कागद काढण्याआधी प्रत्येक शीटवर पेन्सिलने खूण करा. आतल्या पोकळ नळ्या उताराच्या दिशेने, वरून खाली असाव्यात, आडव्या नव्हे. वरची कड ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने पूर्ण बंद करा, खालची कड छिद्रांच्या पट्टीने, म्हणजे आत जमलेला दमट थेंब निथळतो पण मुंग्या शिरत नाहीत. दोन्ही कडा उघड्या राहिल्या तर वर्षभरात नळ्यांत हिरवं शेवाळ धरतं आणि ते धुऊन निघत नाही. शेवटची गोष्ट प्रसरणाची: ३ मीटरची शीट ४० अंशांच्या फरकाने सुमारे ८ मिमी लांबते. म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा ३ मिमी मोठं, खाली रबरी वॉशर, आणि स्क्रू वॉशर दबेल इतकाच, करकचून नाही. करकचून आवळलेली शीट उन्हात फुगते, कडकड आवाज करते आणि भोकापासून तडकते.

प्लास्टिकची फिल्म सर्वांत स्वस्त. अतिनीलरोधक, २०० मायक्रॉनची, म्हणजे ८०० गेजची घ्या. ती साधारण तीन ते चार वर्षं टिकते. साधं पारदर्शक प्लास्टिक काही महिन्यांतच पापडासारखं मोडतं. फिल्म बहुधा फाटते ती लोखंडी कमानीला टेकते तिथून, कारण पाइप तापून तो पट्टा आधी जळतो. कमानींच्या बाहेरच्या बाजूला पांढरी फोमची पट्टी लावावी किंवा पांढरा रंग द्यावा. उबदार पण फार वारं नसलेल्या दिवशी फिल्म ताणावी. थंडीत ताणलेली फिल्म उन्हाळ्यात सैल पडून फडफडते, आणि एकदा फडफडू लागली की फाटेपर्यंत थांबत नाही. खिळे-पट्ट्या नकोत. ॲल्युमिनियमच्या खाचेत नागमोडी स्प्रिंग दाबून बसवण्याची पद्धत घ्या, त्यात फिल्म बदलणं तासा-दोन तासांचं काम होतं.

सांगाडा आणि पाया

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी १०० किमीच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४८ किलो. आपल्या नमुन्याच्या लांब भिंतीवर तो ३१० किलोंचा रेटा देतो आणि छपराला तेवढाच किंवा त्याहून मोठा वर ओढणारा जोर लागतो, ४०० किलोंच्या घरात. पॉलिकार्बोनेटचं अख्खं हरितगृह सांगाड्यासकट याच्या निम्म्यानेही भरत नाही. म्हणजे प्रश्न सांगाडा मोडण्याचा कमी आणि सगळंच उडून जाण्याचा जास्त. चार कोपऱ्यांत आणि लांब बाजूंच्या मध्यावर मिळून सहा खड्डे, प्रत्येक ३० × ३० × ५० सेंमी, काँक्रीटने भरले की प्रत्येकी शंभर किलोंवर आणि एकूण साडेसहाशे किलो वजन जमिनीत बसतं. संचाबरोबर येणाऱ्या वीतभर खुंट्या शोभेच्या समजा. वादळाची सूचना असेल तर दारं-झरोके बंद करा. वाऱ्याकडचं दार उघडं राहिलं तर आतून फुगवणारा जोर बाहेरच्या ओढ्यात मिसळतो.

ॲल्युमिनियम गंजत नाही, पण काही संचांतल्या पट्ट्या इतक्या पातळ असतात की हाताने पिळवटतात. दुकानात उभा केलेला नमुना कोपऱ्याला धरून हलवून बघा, डगमगला तर सोडून द्या. जस्तलेपित लोखंडी पाइप २ मिमी जाडीचा, कमानी १ ते १.५ मीटर अंतरावर आणि कोपऱ्यांत तिरपे आधार असले पाहिजेत. कापलेल्या टोकांना आणि वेल्डिंगच्या जागांना जस्ताचा रंग द्यावा, गंज तिथूनच शिरतो. लाकूड दिसायला सुंदर, ऊब धरतं, पण आतल्या दमट हवेत दर दोन-तीन वर्षांनी तेल किंवा रंग मागतं. पीव्हीसी पाइपच्या कमानी रोपवाटिकेच्या हंगामी आडोशाला ठीक, कायमच्या हरितगृहाला नाहीत. उन्हाने ठिसूळ होतात, आणि पीव्हीसीला टेकलेल्या फिल्मचं आयुष्यही घटतं. बर्फ पडणाऱ्या भागात छपराचा उतार ३० अंशांच्या आसपास हवा. साचलेला ताजा भुसभुशीत बर्फही ३० सेंमी जाडीला चौरस मीटरमागे ३० किलो होतो, ओला झाला की कित्येक पट.

जोत्याची आखणी करताना चारही बाजू मोजून थांबू नका, दोन्ही कर्ण मोजा. २.४ × ३.६ चा कर्ण ४.३३ मीटर येतो. दोन कर्णांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आयत तिरका आहे, आणि तो तिरकेपणा शेवटी दार न लागणं किंवा काच खाचेत न बसणं या रूपाने पुढे येतो. पाणसळ चारही कडांना लावा आणि उभे खांब ओळंब्यात घ्या. काच फुटण्यामागे गारपिटीपेक्षा वाकडं जोतं जास्त वेळा असतं.

तळ सगळा सिमेंटचा करू नका. वाटेवर फरशी किंवा खडी, वाफे मातीत. पाऊस आत पडत नसल्याने पाण्यातले आणि खतातले क्षार मातीत साचतात, म्हणून वर्षातून एक-दोनदा भरपूर पाणी देऊन ते खाली धुवावे लागतात. सिमेंटवर ते पाणी जाणार कुठे? छपराला पन्हळ मात्र जरूर घ्या. दहा मिलिमीटर पावसात आपल्या नमुन्याच्या छपरावरून ८६ लिटर पाणी मिळतं.

थंड रात्रीचा हिशोब

आत आणि बाहेर १० अंशांचा फरक राखायला किती उष्णता लागेल, हे आवरण ठरवतं. ३३ चौरस मीटर साध्या काचेतून सुमारे १,९०० वॅट निघून जातात, ६ मिमी दुपदरी शीटमधून १,१५०, १० मिमीमधून हजार. फटींमधून गळणाऱ्या हवेसाठी वर पाव भाग धरा. हीटर घेण्याआधी फटी बुजवणं म्हणूनच जास्त किफायतशीर. दोनशे लिटरचा पाण्याने भरलेला काळा पिंप रात्रीत १० अंशांनी निवला तर सुमारे २.३ युनिट उष्णता सोडतो, दहा तासांत विभागली तर २३० वॅट. दोन पिंप मागच्या भिंतीला, ऊन लागेल असे ठेवले तर १० मिमी शीटच्या हरितगृहात ४–५ अंशांचा फरक राखायची गरज बऱ्याच अंशी भागते. मात्र दिवसा पिंप तापलाच नाही, तर तो रात्री काही देणार नाही. ढगाळ आठवड्यात त्याच्यावर विसंबू नका.

रॉकेलचा किंवा गॅसचा हीटर बंद जागेत ओलावाही वाढवतो आणि हवाही दूषित करतो. तो लावायचा तर थोडा झरोका उघडा ठेवावाच लागतो. रात्रभर ओली राहिलेली पानं म्हणजे करड्या बुरशीला आमंत्रण, त्यामुळे थंडीतही सकाळी अर्धा तास वरचा झरोका उघडून दमट हवा काढून टाका आणि पाणी सकाळीच द्या, संध्याकाळी नाही.

पैसे देण्याआधी

विक्रेत्याकडून या गोष्टी लेखी घ्या: पाइपची किंवा पट्टीची जाडी मिमीमध्ये, शीटची जाडी आणि अतिनील थराची हमी किती वर्षांची, छपरातले झरोके किती आणि केवढे, जोत्याची चौकट आणि पन्हळ किमतीत धरली आहे की वेगळी, सुटी काच, रबर आणि क्लिपा पाच वर्षांनीही मिळतील का, स्क्रू जस्तलेपित की स्टेनलेस. जोत्याची चौकट आणि जादा झरोके वेगळे आकारण्याची पद्धत सर्रास आहे. स्वस्त वाटलेला संच ते धरून महागड्याच्या बरोबरीला येतो.

उभारणी झाली की लगेच लागवड करू नका. सर्वाधिक-किमान नोंदवणारा तापमापक रोपांच्या उंचीवर, उन्हापासून पांढऱ्या पुठ्ठ्याने झाकून आठवडाभर टांगा. सगळे झरोके उघडे असताना दुपारचा आकडा बाहेरच्यापेक्षा ५ अंशांहून जास्त चढत असेल तर हवा कमी पडते आहे. रोपं आत नसतानाच जादा झरोका किंवा शेडनेट बसवून घ्या आणि पुन्हा आठवडाभर नोंद ठेवा.